पोखरकर सरांची लिफ्ट

कळंबच्या फाट्यावर पोखरकर सरांचा फ्लेक्स लागला आहे. सेवापूर्तीचा. वर पुढाऱ्यांच्या गोल फोटोंची रांग, मधोमध कोट घातलेले सर, आणि त्यांच्या खांद्यामागे ती लिफ्ट. खाली मोठ्या अक्षरांत 'हजारो बालवैज्ञानिक घडविणारे हात'. मी घोडेगावच्या एसटीची वाट बघत त्या फ्लेक्सखाली उभी होते. एसटी वेळेवर आली असती तर मी तो एकदा वाचून विसरून गेले असते. पण आमच्या बाजूची एसटी कधी वेळेवर येत नाही, त्यामुळे मला ते 'घडविणारे हात' पुन्हा पुन्हा वाचावे लागले आणि माझं डोकं फिरलं.

ते हात मी जवळून पाहिलेले आहेत. इतके स्वच्छ हात मी विज्ञानाच्या दुसऱ्या कुठल्या मास्तरचे पाहिले नाहीत. खडूची पूड लागली तरी सर लगेच नळावर जायचे. खिशात साबणाची छोटी डबी असायची, ती उघडायची, हात धुवायचे, रुमालाने एकेक बोट पुसायचं, मग डबी बंद. कळकट काही म्हणून त्यांना चालायचं नाही, आणि काम करणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या मते कळकट होती. एकदा स्टाफरूमचा पंखा बंद पडला. सगळ्यांनी साहजिकच विज्ञानाच्या शिक्षकाकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं, विद्युतप्रवाहाविषयी चार वाक्यं सांगितली आणि शिपायाला हाक मारली. शिपायाने स्टुलावर चढून पंख्याला काठीने ढोसलं, पंखा सुरू झाला. सर म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

आमची शाळा डिंभ्याच्या अलीकडे, घोड नदीच्या अंगाला. मी तिथे मराठी शिकवायचे. पोखरकर सर जुन्नरकडून आमच्याकडे आले ते कीर्ती पुढे धाडूनच. जुन्नर तालुक्यात त्यांच्या लिफ्टने विज्ञान प्रदर्शनात नंबर काढला होता, म्हणे. मुख्याध्यापकांनी त्यांचं नारळ देऊन स्वागत केलं. सरांनी उत्तरादाखल भाषण केलं आणि त्यात 'लिफ्ट' हा शब्द एकदाही वापरला नाही. 'उद्वाहक' म्हणाले. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

हा उद्वाहक म्हणजे थर्माकोलची एक उंच पेटी. तिला सोनेरी कागद लावलेला, पुढे पारदर्शक प्लॅस्टिक, आत काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा पाळणा, आणि माथ्यावर खेळण्यातल्या गाडीची चिमुकली मोटर. बटण दाबलं की मोटर गुणगुणायची आणि पाळणा वर जायचा. दिसायला फार देखणी वस्तू होती, हे मी नाकारत नाही. सर दरवर्षी तिला नवा कागद लावायचे आणि नवं नाव ठेवायचे. एका वर्षी ती 'शेतमाल उचल यंत्र' होती, एका वर्षी 'दिव्यांगमित्र', तर एका वर्षी नुसतंच 'स्मार्ट'. पाळण्यात कांद्याऐवजी बाहुली ठेवली की विषय बदलला. मुलांनी पाठ करायचं भाषण मात्र माझ्याकडून लिहून घ्यायचे. "मॅडम, जरा भारदस्त होऊ द्या. मानवाने अनादी काळापासून असं काहीतरी."

सामानाची खरेदी मंचरला एका शेठजींच्या दुकानात. त्यांचं घराणं मूळचं मारवाडचं, पण शेठजी बोलायला आमच्याहून अस्सल. डिसेंबर आला की आंबेगाव आणि जुन्नरचे झाडून सगळे विज्ञान शिक्षक त्यांच्या काउंटरवर. थर्माकोल, जिलेटीन, फेव्हिकॉल, छोटे दिवे. मी एकदा सरांबरोबर गेले होते. शेठजींनी ती खेळण्यातली मोटर तळहातावर घेऊन म्हटलं, "सर, खरं सांगू का? ही मोटर चिमणीचं पीस उचलंल, कांदा न्हाई उचलायची. मोठी देऊ का, गिअरवाली?" सरांनी मोठी मोटर बोटाच्या टोकाने फिरवून पाहिली आणि बाजूला सारली. "तिचं वंगण लागतं हो हाताला." शेठजी माझ्याकडे बघून हसले. त्यांना माहीत होतं. बाजारातल्या सगळ्यांना माहीत असावं, फक्त मलाच नवं होतं.

मला ते कळलं पहिल्याच प्रदर्शनात. आमच्याकडे एक रीत आहे. प्रदर्शनातलं उपकरण मास्तरांनी करायचं, पोरांनी त्याच्याशेजारी उभं राहून बोलायचं, आणि परीक्षकांनी 'छान केलंस हं बाळा' म्हणायचं. परीक्षकही मास्तरच असतात, त्यांच्याही शाळेचा ज्वालामुखी पलीकडच्या टेबलावर धुमसत असतो, त्यामुळे कुणी कुणाला खोदून विचारत नाही. पण पोखरकर सरांनी त्या रीतीच्याही वरताण केली होती. ती मोटर नुसतीच गुणगुणायची. पाळण्याला मासे धरायची तंगूस बांधलेली होती, म्हणजे नजरेला न दिसणारा नायलॉनचा धागा. तो पेटीच्या माथ्यावरून पाठीमागे उतरून टेबलाच्या फटीतून खाली गेलेला, आणि टेबलाला जमिनीपर्यंत हिरवं कापड सोडलेलं. कापडाच्या आत एक पोरगा बसलेला. वर बटण दाबलं की पोरगा खाली धागा ओढायचा.

त्या वर्षीचा पोरगा जेवणानंतर आत झोपी गेला. पाळणा अर्ध्यावर येऊन थांबला तो थांबला. मोटर गुणगुणतेय, बोलणारा मुलगा घसा खाकरतोय, परीक्षक वाट बघताहेत. सर जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "ग्रामीण भाग आहे साहेब. वीजपुरवठा खंडित होतो." लिफ्ट दोन सेलवर चालत होती. परीक्षकांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आमचा दुसरा नंबर आला.

मला वाटलं होतं सर निदान मनातून खजील असतील. छे. परतीच्या गाडीत त्यांनी त्या पोराला फैलावर घेतलं. "शिस्त नाही तुम्हाला. विज्ञान म्हणजे शिस्त." आणि मग खिडकीतून बाहेर बघत चिवडा खाल्ला.

वर्गातलं त्यांचं शिकवणं याच चालीचं. लिफ्ट टेबलावर ठेवायची, मुलांनी खडूने आखलेल्या रेषेच्या मागे उभं राहायचं. "बघायचं. हात लावायचा नाही. हात लावला की वस्तू बिघडते." मग फळ्यावर आकृती. पट्टीने चौकोन, पट्टीने बाण, मोटर, कप्पी, पाळणा. मुलांनी ती वहीत उतरवायची. चौकोनाच्या रेषा जुळल्या नाहीत तर गुण कापायचे. एकदा मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत अर्धीच. एका मुलाने विचारलं, "सर, कप्पी म्हंजी आमच्या हिरीवर हाय तीच का?" सर म्हणाले, "विहिरीवरची नव्हे. पुस्तकातली." मुलाने ते वहीत उतरवून घेतलं. पुढे त्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं की कप्पी दोन प्रकारची असते, विहिरीवरची आणि पुस्तकातली. सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे हसले, सरही हसले. आपण कशाला हसतोय हे सरांना कळलं नव्हतं एवढंच.

या वर्गात तनुजा नावाची मुलगी होती. धरणाच्या वरच्या अंगाला घर. वडील मासे धरायचे, आई मासे विकायला घोडेगावला बसायची. अंगाने लहानखुरी, काटकुळी. सरांनी तिला नववीत आल्याबरोबर हेरली, आणि तेही तिच्या अंगकाठीसाठी. टेबलाखाली ती आरामात मावणार होती, शिवाय तंगूस तिच्या घरचीच. "ही चालेल," असं ते माझ्यासमोर म्हणाले, चप्पल मापाला लागल्यासारखं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर सरांना निवडणुकीच्या कामावर धाडलं. मतदार याद्या घेऊन सर वाड्यावस्त्यांवर फिरायला लागले आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात आले. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. मी वर्गात बसून निबंध तपासायचे आणि पोरांना म्हणायचे, काय करायचं ते करा, फक्त आवाज करू नका. पोरांनी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली आणली आणि लिफ्ट बाहेर काढली. मी पाहिलं, आणि पुढच्या निबंधाकडे वळले. मला त्या सोनेरी पेटीची काडीमात्र काळजी नव्हती.

आधी त्यांनी तंगूस तोडून पाळणा सरळ मोटरीला बांधला. मोटर किंचाळली, पाळणा जागचा हलला नाही. मग कुणीतरी सेल वाढवले. मोटरीतून धूर निघाला. पोरं अशी खूश झाली की मला ओरडावं लागलं. पुढच्या तासाला तनुजा पिशवीतून एक काळं, तेलकट लोखंडी धूड घेऊन आली. तिच्या मामाची जीप होती, आश्रमशाळेच्या रस्त्याला प्रवासी वाहून वाहून मोडीत निघालेली. तिच्या काचेवरचं पाणी पुसणाऱ्या वायपरची ती मोटर.

"मामानं दिली?" मी विचारलं.

"वापरा म्हनला. पर माघारी द्याची हाय. त्याला दुसऱ्या गाडीला लागंल."

ओंकार म्हणून एक मुलगा होता, आवाज खणखणीत, दरवर्षीचा भाषण करणारा. त्याने घरून फवारणीच्या पंपातली बॅटरी काढून आणली. तारा जोडल्या. मोटर संथपणे, घुर्र घुर्र करत फिरायला लागली. पण तिच्या दांड्यावर त्यांनी रंगाचा रिकामा डबा बसवला होता, दोर गुंडाळायला. पाळण्याच्या जागी बांबूची चौकट आणि तिला वीट बांधलेली. वीट उचलेना. डबा गरकन घसरायचा. मग लहान डबा, मग रीळ, आणि शेवटी बोटाएवढा बांबूचा तुकडा. त्या तुकड्यावर दोर गुंडाळला आणि वीट जमिनीवरून सुटली. हळूहळू, डुलत डुलत वर गेली. बॅटरीची तार काढली तरी तिथंच लटकत राहिली, खाली आली नाही. तारा उलट्या लावल्या तेव्हा आपसूक उतरली.

वर्गात कुणी ओरडलं नाही. सगळी वर बघत होती. मीही निबंध बाजूला ठेवला.

"जाड डब्यावर का नाही उचलली गं?" मी तनुजाला विचारलं.

"काय म्हाईत मॅडम. पर बारक्यावर लई जोर येतोय." आणि हात परकराला पुसून म्हणाली, "सर आले की इचारू."

तिला खरंच वाटत होतं की सर सांगतील. ते आठवलं की मला अजूनही चीड येते.

सर परतले तेव्हा पोरांनी लिफ्ट सरांच्याच पेटीत बसवून ठेवली होती. पेटी आतून बांबूने भक्कम केलेली, सोनेरी कागद जागोजाग फाटलेला, वर ते काळं धूड. सरांनी आधी कागदाकडे पाहिलं. "हे कोणी फाडलं?" पोरांनी उत्तराऐवजी वीट वर नेऊन दाखवली. सर बघत राहिले. मग त्यांनी पेटीच्या पाठीमागे हात घालून चाचपलं. मला क्षणभर समजेना की ते काय शोधताहेत. ते तंगूस शोधत होते.

"धागा न्हाई सर," तनुजा म्हणाली. "मोटरच उचलती."

जाड डबा आणि बारीक बांबू यांचं कोडं पोरांनी विचारलं. सर म्हणाले, "ते दहावीला आहे."

पण वस्तू त्यांनी सोडली नाही. सोनेरीवर चंदेरी कागद चढवला, नाव ठेवलं 'बळीराजा उद्वाहक', आणि मला भाषण लिहायला सांगितलं. मी म्हटलं, "भाषण तनुजालाच करू द्या. तिने केलंय, ती सांगेल तिच्या शब्दांत."

"तिची भाषा ऐकलीत का तुम्ही?" सर म्हणाले. "म्या, व्हतं, न्हाई. तालुक्याला चालेल ते?"

"तालुका तसाच बोलतो, सर."

त्यांनी साबणाची डबी उचलली आणि ते नळावर गेले.

मी मुख्याध्यापकांपर्यंत गेले. त्यांनी दोघांचं ऐकून नेहमीसारखा मधला मार्ग काढला. ओंकारने भाषण करायचं, तनुजाने लिफ्ट चालवायची. शेजारी उभी राहून, बटण दाबून. तनुजाला तेवढं पुरे होतं. तिने घरी सांगितलं की माझी लिफ्ट तालुक्याला चाललीय, बघायला ये. आईने मासळीच्या बाजाराचा दिवस बुडवायचं कबूल केलं.

प्रदर्शन कळंबच्या एका शाळेत होतं. मुलींबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मी गेले होते. सकाळी हजेरीच्या कागदांसाठी मला कार्यालयात अडकवून ठेवलं. मी हॉलमध्ये आले तेव्हा आमच्या टेबलापाशी ओंकार एकटाच ताठ उभा होता, टेबलाला हिरवं कापड लावलेलं होतं, आणि सर कपाळ पुसत होते.

"तनुजा कुठंय?"

ओंकारने खाली पाहिलं.

"सर!" मी म्हटलं. "अहो, ती मोटर वीट उचलते. तुम्ही स्वतः पाहिलंय. धागा कशाला?"

"खबरदारी, मॅडम," सर खालच्या आवाजात म्हणाले. "यंत्राचा भरवसा नसतो. परीक्षकांपुढे ऐनवेळी नाही चाललं तर? शाळेची अब्रू आहे. ती ओढणार नाहीच. नुसती धरून बसेल."

एवढ्या वर्षांत या माणसाने दाखवलेली एकच चालती लिफ्ट, आणि नेमका तिच्यावर त्याचा विश्वास बसेना. खोटी लिफ्ट घेऊन तो बेधडक छाती काढून उभा राहायचा. खरी आली तेव्हा त्याला घाम फुटला. त्या क्षणी मला त्यांची जी शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही.

मी कापड उचलून तनुजाला बाहेर काढणार तेवढ्यात दारातून परीक्षक आत शिरले, आणि त्यांच्या मागोमाग तनुजाची आई. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ती टेबलं बघत बघत आमच्यापर्यंत आली.

"मॅडम, आमची तनू कुठं हाय?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "इथेच आहे. पाणी प्यायला गेली असेल. तुम्ही जरा मागे थांबा, परीक्षक आलेत."

आई मागे सरकली आणि दाराकडे बघत राहिली, पोरगी पाणी पिऊन येईल म्हणून. तिची पोरगी तिच्या पायाशी, कापडाच्या आत बसली होती. आईचा आवाज तिला नक्की ऐकू आला असणार.

ओंकारने भाषण सुरू केलं. मानवाने अनादी काळापासून. परीक्षक या वेळी शाळामास्तर नव्हते, कुठल्याशा कॉलेजचे, तरुण, आणि दुर्दैवाने हुशार होते. ते भाषण ऐकत नव्हते, मोटरीकडे बघत होते. "वायपरची ना?" त्यांनी विचारलं आणि त्यांचा चेहरा उजळला. स्वतःच्या हाताने त्यांनी वीट पाळण्यात ठेवली. "चालव."

ओंकारने बटण दाबलं. घुर्र करत वीट वर निघाली. परीक्षक खाली वाकून, वर मान करून सगळ्या बाजूंनी बघत होते. आमचा पहिला नंबर त्यांच्या तोंडावर लिहिलेला मला दिसत होता. आणि वीट जसजशी वर जाऊ लागली तसतशी पाळण्याला बांधलेली ती तंगूस सैल पडत गेली. तिचा एक वेढा पेटीच्या मागून टेबलावर आला आणि दिव्याच्या उजेडात चमकला.

परीक्षकांनी तो चिमटीत धरला. ओढून पाहिला. मग त्यांनी टेबलाचं हिरवं कापड वर केलं.

तनुजा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. धाग्याचं टोक तिच्या बोटाला गुंडाळलेलं. समोर परीक्षक, त्यांच्या मागे आई.

"बाहेर ये," परीक्षक म्हणाले.

ती बाहेर आली. आधी तिने आईकडे पाहिलं. "म्या वढलं न्हाई, सर," ती म्हणाली. "नुसतं धरलं व्हतं. वढलं आसतं तर सैल कसं पडलं आसतं?"

"मग बसली कशाला होतीस आत?"

याचं उत्तर देणं तिचं काम नव्हतं. ज्यांचं होतं ते चंदेरी कागदाचं एक निघालेलं टोक अंगठ्याने चिकटवत होते.

मी पुढे झाले. "साहेब, ही लिफ्ट खरी आहे. माझ्यासमोर मुलांनी केलीय. धागा कापा आणि पुन्हा चालवून बघा."

"मॅडम, तुमचा विषय?"

"मराठी."

"मग राहू द्या," ते म्हणाले. फसवलं गेल्याचा राग होता त्यांना, आणि तो राग रास्तही होता. पण माणूस वाईट नसावा, कारण त्यांनी सरांना विचारलं, "सर, ही म्हणतेय ते खरं आहे का? कापू धागा?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. धागा कापायचा, वीट वर जायची, आणि त्या पोरीची मान तिच्या आईसमोर वर व्हायची. सरांची थोडी नाचक्की झाली असती, पण लिफ्ट जिंकली असती. सरांनी परीक्षकांकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं, आणि ते स्वच्छ हात जोडले.

"मुलं आहेत, साहेब. मी निवडणुकीच्या कामावर होतो. माझ्या अपरोक्ष झालेला उद्योग आहे हा."

परीक्षकांनी आमच्या नावावर काट मारली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे ज्वालामुखी होता.

तनुजाच्या आईला यातलं फारसं कळलं नसेल. तिला एवढं दिसलं की आपली पोरगी टेबलाखालून चोरासारखी निघाली आणि साहेब रागावून गेले. ती आवाज न चढवता म्हणाली, "ह्ये बघायला बोलीवलं व्हतंस व्हय मला?" तनुजा रडली नाही. तिने बोटाचा धागा सोडवला, टेबलावर ठेवला आणि आईमागून चालू लागली. मी व्हरांड्यापर्यंत त्यांच्यामागे गेले, आईला समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली. मास्तरीणबाई पोरीची बाजू घेणारच, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दोघी एसटीच्या थांब्याकडे गेल्या.

बक्षीस समारंभाला सगळे मैदानावर मांडवात जमले. मी तिथे पाच मिनिटंसुद्धा बसू शकले नाही. माझी पर्स हॉलमध्ये राहिली होती, ती आणायला गेले. हॉल रिकामा होता. दारातच मला मोटरीची घुर्र ऐकू आली.

पोखरकर सर लिफ्टपुढे एकटे उभे होते. धागा त्यांनी कापून टाकला होता. बटण दाबलं, वीट वर गेली. त्यांनी तारा काढून उलट्या लावल्या, पहिल्यांदा चुकीच्या लागल्या, मग नीट. वीट खाली आली. पुन्हा वर. तोंड उघडं टाकून ते बघत होते. हाताला वंगण लागलं होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी तो माणूस फ्लेक्सवरच्या माणसापेक्षा बरा दिसत होता. पण म्हणून मला कीव आली नाही. हे मघाशी करायचं होतं, लोकांसमोर.

माझ्या मागे पावलं वाजली. तनुजा आणि तिची आई. एसटी आली नव्हती, आणि थांब्यावर बसल्या बसल्या तनुजाला मामाची मोटर आठवली होती. ती परत करायची होती.

दोघी माझ्या शेजारी दारात थांबल्या. सरांची पाठ आमच्याकडे होती. वीट वर चालली होती.

आईने वीट वरपर्यंत जाताना पाहिली. मग तिने पिशवी माझ्याकडे दिली, सरळ टेबलापाशी गेली आणि सरांच्या अंगावरूनच खाली वाकून तिने हिरवं कापड उचललं. खाली कुणी नव्हतं. तिने कापड दुसऱ्या बाजूनेही उचलून पाहिलं. मग पेटीच्या मागे हात फिरवला, चौकटीच्या वरून फिरवला. सरांचा हात बटणावरच होता.

"तनू," ती म्हणाली, "ह्ये तू केलंय?"

"आमी समद्यांनी. मोटर मामाची."

"फिरून दाव."

सर बटणावरचा हात काढून बाजूला झाले. त्यांना कुणी बाजूला व्हा म्हटलं नव्हतं. तनुजाने वीट खाली आणली, दप्तरातून पाणी भरलेली बाटली काढून तिच्यावर ठेवली, आईने माझ्या हातातल्या पिशवीतून आपली मासळीची वजनं ठेवायची रिकामी डबी काढून ठेवली, आणि लिफ्ट सगळ्यासकट वर गेली. मांडवात टाळ्या वाजत होत्या, कुणा दुसऱ्यासाठी. आई पदर तोंडाशी धरून हसली. पाळणा माथ्याला टेकेपर्यंत हसत राहिली.

एसटीचा हॉर्न ऐकू आला तशी तनुजा घाईने मोटर सोडवायला लागली. वीट अजून वर होती, एक तार सुटून खाली पडत होती, तिचे दोन्ही हात अडकलेले. तिने मागे वळून न बघता म्हटलं, "सर, ही तार धरा जरा."

सरांनी धरली, आणि ती सोडा म्हणेपर्यंत धरून उभे राहिले.